व्याह्यांची खुर्ची

मोरोपंत फणशीकरांनी स्पीकर घ्यायचं ठरवलं ते जोडीनं, आणि शेवटचं. हा 'शेवटचं' शब्द त्यांनी त्या महिन्यात इतक्या जणांपाशी काढला की पुढे जे रामायण झालं त्यात त्या शब्दाचाही हात होता, पण ते त्यांनी कधी मान्य केलं नाही. धार संस्थानच्या दफ्तरात जन्म गेलेला माणूस. संस्थान गेलं, पेन्शन आली, आणि आपली मतं सावकाश सांगायला लागतो तो वेळही आला. मत असं होतं की रेडिओ काय, कुणीही घेतो; त्यातला आवाज नीट ऐकायला मात्र घराणं लागतं. तेव्हा आयुष्यात एकदाच, उत्तम आणि शेवटची अशी स्पीकरची जोडी घ्यायची. सुभद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, यावर एवढंच म्हटलं की तिन्हीसांजेला शेवटचं-शेवटचं करू नये, अभद्र वाटतं.

घाई होती ती मालनमुळे. मालन ही त्यांची एकुलती एक लेक, देवासला दिलेली. इंदूरला रेडिओ केंद्र निघालं त्याच्या पुढल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्यानं, माधवनं, तिला गुपचूप आवाजाच्या परीक्षेला नेलं. ती पास झाली आणि एका गुरुवारी संध्याकाळी तिचं गाणं लागणार असं ठरलं. मग माधवच्या वडिलांना, गोपाळरावांना, सांगणं भाग पडलं. गोपाळरावांचा गाण्याला विरोध नव्हता हो, त्यांचा विरोध आवाजाला होता. आणि देवानं मालनला दिला होता तो नेमका आवाजच. लग्नात तिनं उखाणा घेतला तेव्हा मांडवाबाहेर टांग्याचा घोडा बिचकला होता, हे गोपाळराव अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माधवनं फारच धरलं तेव्हा त्यांनी निकाल दिला की गुरुवारी मी स्वतः ऐकेन. घरंदाज वाटलं तर पुढे गाऊ दे. नाही तर तंबोरा माळ्यावर जाईल, तो परत उतरायचा नाही.

तो तंबोरा मुळात सुभद्राबाईंचा. माहेराहून आणलेला. लग्नानंतर संसाराच्या रामरगाड्यात तो त्यांच्या हातून कधी लागलाच नाही, म्हणून तर त्यांनी तो मालनच्या पाठवणीत दिला होता. तो आता दुसऱ्या माळ्यावर जाणार म्हटल्यावर मात्र दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं आणि मोरोपंतांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

गोपाळरावांच्या घरी रेडिओ नव्हता. ते ऐकणार होते चौकातल्या दुकानाच्या कर्ण्यावर, आणि त्या कर्ण्यातून हवामानसुद्धा भांडल्यासारखं ऐकू यायचं. त्यावर मालन गायली म्हणजे निकाल लागलाच. मोरोपंतांनी निरोप धाडला की आपण धारला यावं, पोर समोर बसून गातेय असं ऐकवीन. उत्तर आलं की सुनेच्या माहेरी रेडिओ ऐकायला जाण्याची आमच्यात पद्धत नाही. मोरोपंत म्हणाले, येतील, जोडी तर येऊ दे.

त्यांच्या जुन्या रेडिओची प्रकृती उत्तम होती, फक्त त्याच्या स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता आणि बातम्या सांगणाऱ्याला कायमचं पडसं झालं होतं. आणि जोडीच का, तर वाचनालयातल्या एका जुन्या विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं की ज्यांना दोन कान आहेत त्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकावं. हे त्यांना इतकं पटलं की आजवर एका बाजूनं ऐकल्याबद्दल त्यांना थोडी लाजच वाटली.

आता जोडी म्हणजे एका दुकानातून एकसारखे दोन नग, हे कुणालाही समजतं. पण मोरोपंतांचे व्याही आणि मेहुणा एकाच देवासात राहत नव्हते. देवासला संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, टेकडीवरची माताजी एक, आणि राज्यं दोन. दोन्ही विलीन होऊन वर्षं लोटली होती, पण ते सरकारी कागदावर. गोपाळराव थोरल्या पातीचे. सुभद्राबाईंचं माहेर धाकट्या पातीचं. तिथे त्यांचा भाऊ शालिग्राम अजून रस्त्याच्या त्या बाजूचा पानवाला वर्ज्य मानी. मोरोपंत स्पीकर घ्यायला देवासला आलेत असं कळताच गोपाळरावांनी थोरल्या पातीतलं दुकान सांगितलं आणि शालिग्रामनं धाकट्या पातीतलं. एकीकडून जोडी घेतली तर व्याही दुखावणार, दुसरीकडून घेतली तर बायकोचं माहेर. मोरोपंतांनी दफ्तरात असे तंटे पुष्कळ मिटवले होते. त्यांनी दोन्हीकडून एकेक घेतला आणि स्वतःच्या मुत्सद्देगिरीवर खूश होऊन टेकडीवर नारळ फोडला.

थोरल्या पातीच्या दुकानदारानं बजावलं होतं की लाल तार वर लावायची, काळी खाली. मोरोपंतांनी हे धाकट्या पातीच्या दुकानदाराला सांगितलं, तर तो पान जुळवता जुळवता म्हणाला की त्यांच्याकडे असेल, आमच्याकडे काळी वर असते. मोरोपंतांनी दोघांचाही शब्द मोडला नाही. उजव्या खोक्याची लाल वर, डाव्याची काळी वर.

मध्येच एक पोस्टाचं लचांड झालं. रेडिओचं लायसन पोस्टातून मिळे, आणि मोरोपंत कायद्याला धरून चालणारे, म्हणून ते विचारायला गेले की आता आवाजाला तोंडं दोन झाली, तर लायसन एक पुरेल की दोन. आजवर धारमध्ये असं कुणी विचारलंच नव्हतं. बाबूनं नियम पाहिले, वरच्यांना विचारलं, आणि शेवटी म्हणाला की तुम्ही विचारलं नसतं तर एकच पुरलं असतं. मोरोपंत आपण विचारलंच नाही असं समजून घरी आले, पण पुढे कित्येक दिवस पोस्टमन दिसला की त्यांचा हात रेडिओ बंद करायला त्याच्या कानाकडे जाई.

जोडी दिवाणखान्यात लागली. कुणाचा मान कमी-जास्त नको म्हणून मधल्या खुर्चीपासून दोन्ही खोकी सुतळीनं मोजून सारख्या अंतरावर ठेवली. मोरोपंत मधल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, रेडिओ लावला, आणि सनई सुरू झाली ती जणू लांब नालछा गावाच्या पलीकडे कुणाच्या तरी लग्नात वाजत असावी. भरीवपणा नाही, खोली नाही, नुसतं आवाजाचं साल. शेजारचे जयसिंगराव उजव्या खिडकीशी रेलून उभे होते. संस्थानच्या पागेवरचे जुने अधिकारी. घोड्यांखेरीज सगळ्या विषयांत सल्ला देत. ते म्हणाले, वा पंत, क्या बुलंद आवाज है, छाती दणाणली भिया. मोरोपंतांनी डोळे उघडले. याला ऐकू येतंय आणि आपल्याला येत नाही, याचा अर्थ एकच होता, आणि तो त्यांनी कुणालाही सांगितला नाही. आयुष्यातली शेवटची जोडी आणली आणि नेमके कान गेले. त्या दिवसापासून ते दुपारी दार लोटून कानांत लसणीचं कोमट तेल घालू लागले. घरभर फोडणीचा वास सुटे आणि सुभद्राबाई चुलीशी जाऊन बघून येत.

जयसिंगरावांना त्यांनी आडून एवढंच विचारलं की आवाजाला आणखी खोली हवी असेल तर काय करावं. जयसिंगरावांना आवाजात काही कमी वाटत नव्हतं, पण सल्ला मागितल्यावर नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, मोठा मटका आणा, बुडाला भोक पाडा, स्पीकर तोंडावर बसवा, तार भोकातून काढा. घुमला नाही तर मिशी उतरवीन. मोरोपंत लगेच कुंभारवाड्यात गेले. दोन मोठी मडकी हवीत म्हणाले. बुडाला भोक पाडून हवीत म्हणाले. आणि गुरुवारच्या आत हवीत म्हणाले.

कुंभारानं चाक थांबवलं. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "घर में कुण गयो, बाबूजी?" मोरोपंत खोक्यांच्या विचारात होते. ते म्हणाले, अजून कुणी नाही, पण गुरुवारी लागतील. कुंभार म्हणाला, "छेद तो वां मसाण में करे बाबूजी, यां नी." मोरोपंतांनी त्याला समजावलं की ही शेवटची आहेत, तिथे भोक पाडायला वेळ मिळायचा नाही, आत्ताच पाडून दे. दोन कशाला, या प्रश्नावर ते म्हणाले की जोडीनंच बरं, आणि भोकं पाडलेली मडकी घेऊन घरी आले.

संध्याकाळपर्यंत धारमध्ये मोरोपंत आणि सुभद्राबाई दोघं गेले होते. कुणी म्हणे कॉलरा, कुणी म्हणे पंत महिनाभर शेवटचं-शेवटचं म्हणत होते, त्यांना कळलं होतं. पहिले आले ते जयसिंगराव, पांढरं धोतर नेसून. मडक्यांचा सल्ला त्यांचाच होता हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दार मोरोपंतांनीच उघडलं. लोक येत राहिले, मोरोपंत दार उघडत राहिले, आणि आलेल्यांच्या चेहऱ्यावर आपल्याला जिवंत पाहून जो आनंद दिसायला हवा तो तितकासा दिसत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं. एक जण तर पोस्टाच्या बाबूंनी निम्म्या दिवसाची रजा दिली होती ती फुकट गेली, असं जाता जाता बोलून गेला. सुभद्राबाईंनी दोन्ही मडकी परसात नेऊन फोडली, आंघोळ केली आणि नवऱ्याशी बोलणं बंद केलं.

ही बातमी इंदूरच्या बसनं देवासला गेली. मालन आणि माधव गाण्याच्या तालमीसाठी आधीच इंदूरला गेले होते, म्हणून ती त्यांना चुकली. बुधवारी सकाळी दारात टांगा थांबला आणि गोपाळराव उतरले, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. मागे सुमंगलाबाई, त्यांच्या पत्नी, पदराचं टोक डोळ्यांशी तयार. गोपाळरावांनी मोरोपंतांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही आहात?"

"आहे."

"आणि वहिनी?"

"स्वयंपाकघरात."

"दोघंही," गोपाळराव म्हणाले. त्यांनी टांगेवाल्याकडे पाहिलं, तोवर टांगा गेला होता. सुमंगलाबाईंनी बसमध्ये सुरू केलेलं रडणं आवरायला थोडा वेळ लागला.

खोटी वार्ता उठली तर माणसाचं आयुष्य वाढतं, आणि त्याबद्दल आलेल्यांनी गोड खाऊनच जायचं, ही रीत थोरल्या पातीलाही मोडता येत नव्हती. आणि गोडाचं म्हटल्यावर सुभद्राबाईंनी डाळ भिजत घातली ती पुरणाची, आणि पुरणपोळी व्हायची गुरुवारी, म्हणजे तोवर पाहुण्यांना राहणं आलं. सुभद्राबाईंनी त्या दिवसात नवऱ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. ठरवून घडवलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं, असं त्या नजरेत होतं, पण बोलणं बंद असल्यामुळे मोरोपंतांना ते ऐकायला मिळालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी दिवाणखान्यात व्याह्यांना कुठे बसवायचं हा प्रश्नच नव्हता. मानाची जागा मधली. गोपाळरावांनी थोरल्या पातीचं खोकं कुठलं ते विचारलं, ते उजवीकडे आहे असं ऐकून मान डोलावली आणि ते मधल्या खुर्चीत बसले. मोरोपंत लेकीचे बाप, ते कशाला बसतात. ते डाव्या दाराशी हात जोडल्यासारखे उभे राहिले. दोघी विहिणी उजवीकडे माजघराच्या उंबऱ्याशी.

निवेदकानं सौभाग्यवती मालन यांचं नाव घेतलं. तंबोरा लागला. सुभद्राबाईंनी चौकट घट्ट धरली. आणि मालननं पहिला सूर लावला.

 आजवर मोरोपंत मधल्या खुर्चीत बसून ऐकत आले होते. दारातून ऐकायची ही पहिलीच वेळ. आवाज होता तोच होता, घोडा बिचकवणारा. खोलीभर झाला, खिडक्यांच्या काचांना लागला, बाहेर जयसिंगरावांनी भले शाब्बास म्हटलेलं त्यातही ऐकू आलं. कान गेले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आता ते गेले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं. तंबोरा माळ्यावर गेलाच म्हणायचा. त्यांनी भीत भीत मधल्या खुर्चीकडे पाहिलं.

गोपाळराव शांत बसले होते. भुवया किंचित वर, हात कानामागे. थोड्या वेळानं ते उठले आणि खुर्ची उजव्या खोक्याकडे सरकवायला त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सुमंगलाबाई व्याह्यांसमोर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी सकाळी त्यांनी दिवाणखान्यात समया पुसल्या होत्या, रेडिओ चालू होता, आणि समया पुसत माणूस खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, मधल्या खुर्चीपाशीसुद्धा. त्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "बसा जागेवर. मधली जागा मानाची आहे. व्याह्यांनी दिलेला मान सोडू नये."

गोपाळराव बसले. मालननं तान घेतली. मोरोपंतांनी डोळे मिटून घेतले.

गाणं संपलं तेव्हा गोपाळरावांनी पंच्यानं चष्मा पुसला. मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं पोरगी घर डोक्यावर घेईल. पण नाही. लांब कुठे देवळात कुणी आपल्याशीच म्हणावं, तसं. कुठे चढणं नाही, कुठे ओरडणं नाही. घरंदाज आहे. गाऊ दे तिला."

सुभद्राबाई आत गेल्या आणि न पेटवलेला स्टोव्ह बराच वेळ पंप करत बसल्या. मोरोपंतांना आपण नेमकं काय ऐकलं याचा उलगडा होईना. पाहुणे गेल्यावर ते मधल्या खुर्चीत बसले: सनई नालछ्याच्या पलीकडे. उठून दारात गेले: सनई खोलीत. परत बसले, परत उठले. बिघाड कानात नाही, खुर्चीत आहे, हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की लसणीच्या तेलाची वाटी त्यांनी परसात नेऊन ओतली. पुढल्याच दिवशी सुभद्राबाईंच्या केरसुणीनं तारा निघाल्या. त्यांनी त्या नीटनेटक्या बाईनं लावाव्यात तशा लावल्या, दोन्हीकडे लाल वर, काळी खाली. मोरोपंत खुर्चीत बसले आणि अख्खा आवाज अंगावर आला. दोन पाती उलट्या लावल्या की मधल्या माणसाच्या वाट्याला काही येत नाही, हे देवासमध्ये आजवर पुष्कळांनी अनुभवलं होतं, पण त्याचा स्पीकरशी संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

महिन्याभरात माधवचा निरोप आला. बाबांनी रेडिओ घेतलाय. धारसारखीच जोडी हवी, त्याच दोन दुकानांतली, आणि बसवायला आपणच यावं. खाली सुमंगलाबाईंचं म्हणून एक वाक्य होतं: धारला होती तशीच असावी, सुधारणा करू नये.

मोरोपंतांना वाईट वाटलं. खरा आवाज, खरा आवाज म्हणून ज्यांनी गावभर तोंड वाजवलं, त्यांनी जाणूनबुजून खोटा लावायचा. दफ्तरात त्यांनी कधी एक आकडा पुसला नव्हता. देवासच्या माडीवर ते तारा हातात घेऊन बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग त्यांना माळ्याचं दार दिसलं. ते तिथून सरळ समोर होतं. त्यांनी उजव्या खोक्याची लाल वर लावली आणि डाव्याची काळी, आणि खुर्ची सुतळीनं मोजून मधोमध ठेवली.

पुढल्या वेळी मालनचं गाणं लागलं तेव्हा फणशीकर उभयता देवासला होती. गोपाळराव मधल्या खुर्चीत टोपी घालून बसले. शालिग्रामसुद्धा रस्ता ओलांडून आला आणि धाकट्या पातीच्या खोक्याशी उभा राहिला. बायका माडीच्या दारात, एका कडेला. मालनचा आवाज लागला आणि माडी भरून जिन्यानं खाली उतरला, चौकात गेला, आणि रस्त्यावर माणसं थांबली. सुभद्राबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मध्ये गोपाळराव मान डोलावत होते. ते मागे वळून मोरोपंतांना हळूच म्हणाले, "पाहिलंत? घरंदाज." मोरोपंतांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं.

सुभद्राबाईंना मात्र एकाएकी धास्ती वाटली. त्या विहिणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आणि एखाद्या दिवशी खुर्ची सरकली तर हो?"

सुमंगलाबाईंचे डोळे खुर्चीवरच होते.

"सरकत नाही," त्या म्हणाल्या. "संक्रांतीला सुतार आला होता, तेव्हा चारी पाय फळ्यांना ठोकून घेतलेत. केर काढताना बरं पडतं, असं सांगितलं यांना."